स्वस्तात दात काढून घेण्यासाठी परदेशी जाताना

परदेशी जाऊन दात काढून घेण्याचा विचार बहुतेकांच्या मनात दोन दरपत्रके शेजारी शेजारी ठेवल्यावर येतो, आणि त्या दरांतली तफावत खरीच असते. अमेरिकेतील युमा शहराजवळ सीमा ओलांडली की लागणारे मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस हे छोटे गाव तिथल्या शेकडो दंतवैद्यांमुळे ‘मोलार सिटी’, म्हणजे दाढांचे शहर, म्हणून ओळखले जाते, तर ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचे हंगेरीतील मोशोनमाग्यारोवार हे शहर शेजारच्या देशांतून येणाऱ्या दंतरुग्णांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जागेचे भाडे, पगार आणि दवाखाना चालवण्याचा खर्च कमी असल्याने दर कमी असतात. केवळ दर कमी म्हणून काम हलक्या प्रतीचे असेल, असे समजू नये. पण ही दोन्ही ठिकाणे सीमेजवळ आहेत, हे ध्यानात घ्यावे. दाढ दुखू लागली तर सीमेपलीकडचा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसू शकतो. विमानाने आठ तासांवर राहणाऱ्याला ती सोय नसते, आणि म्हणूनच त्याने दात काढण्याच्या अर्ध्या तासापेक्षा त्यानंतरच्या आठवड्याचे नियोजन अधिक काळजीने करावे.

सर्वांत आधी हिशेब. एकच दात असेल आणि तो साधेपणाने निघण्यासारखा असेल, तर तेवढ्यासाठी परदेशी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानाचे तिकीट, व्हिसा, आठवड्याचा मुक्काम, सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च आणि दोघांच्या बुडालेल्या रजा धरल्या, की वाचलेले पैसे बहुधा संपूनच जातात. चारही अक्कलदाढा काढायच्या असतील, अनेक किडलेले दात एकदमच काढावे लागणार असतील, किंवा नातेवाइकांकडे जाणे तसेही ठरलेले असेल, तर मात्र हा विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्यांदा जावे लागले तर काय, ही रक्कमही हिशेबात पहिल्यापासूनच धरावी.

निदान मात्र घराजवळच करून घ्यावे, कारण दात काढायलाच हवा की नाही, हे ज्याला तो काढण्याचे पैसे मिळणार नाहीत अशा दंतवैद्याकडून ऐकलेले बरे. रूट कॅनाल करून वाचू शकणारा दात केवळ स्वस्तात निघतो म्हणून काढला, तर पुढे त्या जागी इम्प्लांट किंवा ब्रिज बसवताना वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. अक्कलदाढांबाबत तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2000 साली दिलेल्या मार्गदर्शनात, कोणताही त्रास न देणाऱ्या, हिरडीत किंवा हाडात अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असे सांगितले आहे. तपासणीच्या वेळी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढून घ्यावा. खालच्या अक्कलदाढेची मुळे खालचा ओठ आणि हनुवटी यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूला टेकलेली दिसली, तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅनही लागू शकतो. अशी दाढ मुखशल्यचिकित्सकाकडूनच काढून घ्यावी, आणि ती दूर देशी काढायची की नाही, हे पुन्हा एकदा शांतपणे ठरवावे.

इथे एका लहान गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण तिच्यातून चुकीचा दात निघू शकतो. दातांना क्रमांक देण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत. जगातील बहुतेक देशांत दोन अंकी पद्धत चालते. तिच्यात पहिला अंक दोन्ही जबड्यांच्या चार भागांपैकी कोणता ते दाखवतो आणि दुसरा अंक मधल्या रेषेपासून मोजलेला दात. अमेरिकेत मात्र 1 ते 32 असे सलग क्रमांक देतात. त्यामुळे दोन अंकी पद्धतीत ‘18’ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ, तर अमेरिकी पद्धतीत ‘18’ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची, अक्कलदाढेच्या अलीकडची दाढ. एकाच अंकाने जबडाही बदलतो आणि बाजूही. म्हणून चिठ्ठीवर आणि पत्रव्यवहारात नुसता क्रमांक न लिहिता ‘वरची, उजवी, शेवटची दाढ’ असे शब्दांत लिहून घ्यावे, आणि भूल देण्यापूर्वी आरशात पाहून, बोट लावून तोच दात डॉक्टरांना दाखवावा. यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. चांगले डॉक्टर स्वतःच असे विचारतात.

दवाखाना निवडताना त्या देशाच्या दंतवैद्यक परिषदेच्या नोंदणीत डॉक्टरांचे नाव आहे का, हे आधी पाहावे. ‘जेसीआय’सारखी आंतरराष्ट्रीय मान्यता बहुतांशी मोठ्या रुग्णालयांकडे असते; छोट्या दवाखान्याकडे ती नाही एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. आपला ओपीजी पाठवून लेखी अंदाजपत्रक मागवावे आणि त्यात तपासणी, एक्स-रे, भूल, शस्त्रक्रियेने दात काढावा लागल्यास वाढणारे शुल्क, टाके, औषधे आणि नंतरच्या भेटी हे सारे वेगवेगळे लिहायला सांगावे. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: चौथ्या दिवशी रात्री ठणका लागला, तर मला कोण पाहील आणि त्याचे किती पैसे लागतील? याचे सरळ उत्तर न देणाऱ्या, एक्स-रे न पाहताच अनेक दात काढायला सांगणाऱ्या किंवा सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्या ठिकाणी जाऊ नये.

आपल्या आजारांची आणि औषधांची यादी कंपनीच्या नावांऐवजी औषधांच्या मूळ नावांनी लिहून पाठवावी, कारण कंपन्यांची नावे दुसऱ्या देशात ओळखता येतीलच असे नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. दात काढताना होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा गोळी बंद केल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक गंभीर ठरू शकतो, म्हणून तो निर्णय ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांवर सोपवावा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब ही औषधे घेणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावे. या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून न येता उघडेच राहण्याचा धोका असतो, आणि अशा रुग्णाला महिनोन्‌महिने देखरेख लागत असल्याने त्याने हा प्रवास टाळणेच योग्य. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नये.

आता दिवसांचे गणित. पोहोचल्याच्या दिवशी दात काढून घेऊ नये. एक रात्र झोप घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी फक्त तपासणी ठेवावी. दात साधेपणाने निघाला तर त्यानंतर तीन-चार दिवस, आणि हिरडी कापून किंवा हाड घासून काढावा लागला तर किमान एक आठवडा तिथेच राहावे. सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते. ‘ड्राय सॉकेट’ मात्र नेमका अशा वेळी येतो, जेव्हा माणसाला आपण बरे झालो असे वाटत असते: खाचेतली रक्ताची गुठळी निघून जाते, हाड उघडे पडते आणि कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. साध्या दातानंतर शंभरात दोन ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेनंतर त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. खाच धुऊन औषधी बोळा भरला की बहुधा तासाभरात आराम पडतो, पण त्यासाठी दंतवैद्य हाताशी लागतो. विमानात तो मिळत नाही.

वरच्या दाढांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील सायनस या हवेच्या पोकळीच्या तळाला लागून असतात आणि दाढ निघताना कधी कधी तोंड व सायनस यांच्यामध्ये भोक पडते. उडत्या विमानातील हवेचा दाब सुमारे 2,400 मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो, त्यामुळे असे भोक पडले असल्यास डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय उड्डाण करू नये आणि साधारण दोन आठवडे नाक जोराने शिंकरू नये. दात निघाल्यावर ‘सायनस उघडला का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.

दात निघाल्यावर दिलेला गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. तो दर पाच मिनिटांनी काढून पाहिला, की धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते. खोलीवर परतल्यावर रक्त पुन्हा झिरपू लागले, तर स्वच्छ गॉझची घडी ओली करून नेमकी खाचेवर ठेवावी आणि ताठ बसून ती तशीच दाबून धरावी. लाळेत मिसळलेले थोडे रक्त फार दिसते, त्याला घाबरू नये. पण दोनदा असे दाबूनही धार थांबली नाही, तर दवाखाना गाठावा. पहिले 24 तास चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढू नये. तंबाखू आणि सिगारेट निदान तीन दिवस तरी पूर्ण बंद ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात.

ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर विमान रद्द करून जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. जबड्याचा संसर्ग गळ्यात उतरला तर जिवावर बेतू शकते, आणि तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून अशा अवस्थेत कुणीही विमानात बसू नये. त्यासाठी तारीख बदलता येणारे तिकीटच घ्यावे. नेहमीचा प्रवासविमा ठरवून केलेल्या उपचारांचा आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्च बहुधा देत नाही, म्हणून पॉलिसीतील ते कलम निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे. पर्यटक व्हिसावर उपचार घेता येतात का, हेही त्या देशाच्या नियमांत पाहावे. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामकांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. अशी गोळी लिहून दिली गेली, तर ती बॅगेत टाकण्यापूर्वी नियम तपासावेत आणि चिठ्ठी जवळ ठेवावी.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लेखी टिपण मागून घ्यावे: कोणता दात काढला, कोणती भूल दिली, मुळाचा तुकडा आत राहिला आहे का, टाके विरघळणारे आहेत की सातव्या दिवशी काढायचे आहेत. आधीचे आणि नंतरचे एक्स-रे मोबाइलमध्ये फोटो काढून न आणता मूळ डिजिटल फाइलच्या रूपात घ्यावेत. घरच्या दंतवैद्याची आठ-दहा दिवसांनंतरची वेळ प्रवासाला निघण्याआधीच ठरवून ठेवावी, आणि परतल्यावर दुखत नसले तरी हे सारे कागद घेऊन त्यांना ती खाच दाखवावी.