वाड्यातली शस्त्रं आणि चित्रं विक्रीला काढताना

संग्रह विकायचा ठरला की घरातली मंडळी सर्वात आधी तलवारी घासायला घेतात. अशा विक्रीचं काम हाती येताच पहिला निरोप द्या: कुणीही काहीही पुसू नका. पॉलिश पेपर, चिंच, राख यांनी पात्यावरचा जौहर, म्हणजे पोलादातली लहरींसारखी नक्षी, जाते आणि मुठीवरची कोफ्तगिरीही. कोफ्तगिरी म्हणजे खरवडलेल्या पोलादावर ठोकून बसवलेली सोन्याची बारीक तार. एकदा निघाली की मूळ काम गेलंच. पातं मुठीत बहुधा लाखेने किंवा राळेने धरलेलं असतं, त्यामुळे गरम पाणी आणि कडक ऊनही नको.

तलवार उपसताना म्यान पाठीच्या, म्हणजे धार नसलेल्या बाजूने धरायचं. जुन्या म्यानाची शिवण धारेकडे उसवलेली असते आणि बोटं तिथेच कापतात. पातं गंजून अडकलं असेल तर ओढाताण न करता ‘म्यानात अडकलेलं’ एवढीच नोंद करा.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकांपासून आम्ही सर्वात जास्त जपून राहतो. शंभर वर्षांपूर्वी भरून ठेवलेली काळी दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेटते. नळीच्या तोंडासमोर कुणीही नको. लाकडी काठी हलक्या हाताने आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी नळीला बाहेरून लावून पाहा. खुणेपासूनची काठी कानापर्यंत, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकापर्यंत न पोचता चार-पाच बोटं अलीकडेच थांबली, तर आत बार आहे असंच समजायचं. लोखंडी गज घालू नका, ठोकू नका; पोलिसांना कळवा.

परवान्याची बंदूक असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला 1959 च्या शस्त्र अधिनियमातलं कलम 45 सूट देतं. पण ‘उडणार नाही’ हे आपण ठरवायचं नसतं, ते लेखी घ्या.

यादीला वेळ द्या. वस्तूवर शाईने आकडा टाकू नका, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. पात्याची लांबी मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजा, वाक वेगळा लिहा. वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि पाठीवरची व मुठीखालची अक्षरं भिंगातून पाहून जशी आहेत तशी उतरवा. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे 47.15 लाख रुपयांना घेतली. पातं युरोपीय, म्हणजे आपल्याकडची फिरंग, आणि पाठीवर सोन्यात कोरलेलं मालकाचं नाव. असं नाव घासलं गेलं तर उरते फक्त एक जुनी तलवार. घरातली पत्रं, जुने फोटो, सरंजामाचे कागदही याच यादीत घ्या.

भाव काढण्याआधी कायद्यानुसार वस्तूंचे गट पाडा. गेंड्याच्या कातड्याची ढाल, हस्तिदंती मूठ, वाघाचं कातडं विक्रीत येतच नाही. वन्यजीव कायदा आड येतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती देशात विकता येते, पण देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या नातवाला आजोबांचा दांडपट्टा हवा असला तरी उत्तर हेच. वारसांच्या पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगा, नंतर सांगितलं की भांडणं होतात. जुनी मूर्ती, चित्र, सचित्र पोथी यांचं नोंदणीपत्र शोधा. मालकी बदलली की तेही कळवावं लागतं. विक्रेत्याकडे पुरावस्तूंचा परवाना आहे ना, तेही पाहा.

चित्रांत घोटाळा बहुतेक वेळा रविवर्म्याच्या नावाचा. त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील तसबिरी घरोघरी पोचल्या. दहापट भिंगातून रंगाचे ठिपके दिसले तर ती तसबीर. ठिपके नसले म्हणून मूळ ठरत नाही. कॅनव्हासची मागची बाजू, चौकट आणि खिळे तज्ज्ञाला दाखवा. मूळ निघालं तर ते कलानिधी, म्हणजे सरकारने जपायची म्हणून जाहीर केलेली कलाकृती; तेही परदेशी जात नाही.

लिलावगृहाशी करार करण्याआधी सगळ्या वारसांच्या सह्या, राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती), कमिशन आणि न विकलेला माल परत आणण्याचा खर्च लेखी ठरवा. तलवार आणि तिचं म्यान वेगवेगळ्या लॉटमध्ये जाऊ देऊ नका. चित्रं ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून भांडवली नफ्याच्या करातून सुटत नाहीत. 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घरात असतील तर त्या तारखेची किंमत धरता येते, म्हणून मूल्यांकनाचा अहवाल विक्रीच्या आधीच करून घ्या.