ठाणे खाडीतील रोहित पाहण्यासाठी भरतीचे गणित

रोहित म्हणजे फ्लेमिंगो पाहण्यासाठी ठाणे खाडीवर पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण सुटीचा दिवस ठरवतात, गाडीची सोय पाहतात, डबा भरतात आणि दुपारी बारा वाजता किनाऱ्यावर पोहोचून समोर मैलभर पसरलेला चिखल व त्याच्या पलीकडच्या टोकाला एक फिकट गुलाबी रेघ एवढेच पाहून परततात. माझीही पहिली फेरी अशीच वाया गेली होती. पक्षी होते, हजारोंच्या संख्येने होते, परंतु मी ओहोटीच्या ऐन वेळी गेलो होतो. म्हणून या लेखात दुर्बीण, कपडे आणि पक्ष्यांची ओळख यांच्याआधी पाण्याविषयी लिहीत आहे.

मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधोमध असलेल्या या खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. अभयारण्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग तिवरांच्या जंगलाचा आहे, उरलेला पाण्याचा आणि चिखलाचा. सामान्य माणसाला येथे रीतसर प्रवेश मिळण्याचे सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ठाणे–वाशी आणि ठाणे–पनवेल मार्गावरील ऐरोली स्थानकावर उतरून रिक्षाने तेथे जाता येते. केंद्रात माहितीचे दालन आहे, तिवरांतून जाणारी लाकडी पायवाट आहे आणि हंगामात खाडीत नेणाऱ्या बोटी आहेत. बोटीच्या जागा मर्यादित असतात आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे आरक्षण आधीच करावे. बोट किती वाजता सुटणार हे दररोज बदलते, कारण ती वेळ भरतीवर अवलंबून असते.

रोहित उथळ पाण्यात उभा राहून, मान खाली सोडून, चोच उलटी धरून खातो. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो आणि पक्षी त्या विस्तीर्ण चिखलावर दूरवर पांगतात. त्या वेळी बोटीलाही पाणी पुरत नाही. उलट भरती पूर्ण भरली की चिखल पाण्याखाली जातो, रोहितांना पाय टेकायला जागा उरत नाही आणि थवेच्या थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडील तलावांवर विसाव्यास जातात. या दोन्हींच्या मधल्या काळात, म्हणजे पाणी चढत असताना पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन तास किंवा पाणी उतरू लागल्यानंतरचे तितकेच तास, उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर पक्षी दाटीवाटीने आणि किनाऱ्यापासून जवळ सापडतात. भेटीची वेळ याच तासांत बसवावी.

भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सकाळी व संध्याकाळी सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण पक्षाला हिशेब एकच लागू होतो आणि पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. यात तासाभराचा फरक पडू शकतो, शिवाय खाडीच्या आतल्या बाजूला भरती समुद्राच्या तोंडापेक्षा काहीशी उशिरा पोहोचते, त्यामुळे अंतिम वेळ छापील भरती-तक्त्यावरून किंवा केंद्राकडून पडताळून घ्यावी. परंतु महिनाभर आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून रविवार निवडायचा असेल तेव्हा हे पाऊणपटीचे गणित पुरेसे आहे. सकाळची फेरी हवी असेल तर एकादशी ते चतुर्दशी यांपैकी तिथी असलेला सुटीचा दिवस शोधावा, कारण त्या दिवशी सवाआठ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी भरते. दुपारनंतर जायचे असेल तर पंचमी-षष्ठी बरी. अष्टमीला मात्र ऐन दुपारी ओहोटी असते, आणि माझी पहिली फेरी नेमकी त्याच तिथीची होती, हे मला बऱ्याच वर्षांनी जुनी दिनदर्शिका चाळताना कळले.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी वेगाने आणि उंच चढते, त्यामुळे पक्षी जवळ असण्याचा काळ थोडका असतो आणि उशिरा पोहोचणाऱ्याला तो हुकतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी असते. त्या दिवसांत सगळेच सावकाश घडते, पण पक्षी दाटीने एकत्र येण्याचे दृश्यही तितके ठसठशीत नसते. नवख्याने उधाणाच्या एक-दोन दिवस आधीची तिथी घ्यावी, असे माझे मत आहे.

हंगामाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. रोहित साधारणपणे हिवाळ्याच्या सुरुवातीपासून येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जातात. काही हंगामांत त्यांची संख्या लाखापुढे मोजली गेली आहे. थंडी सुरू होताच थवे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. जानेवारीनंतर जावे, आणि ऊन सोसत असेल तर मार्च-एप्रिलमध्ये. चिखलातले इतर स्थलांतरित पक्षी मात्र एप्रिलच्या अखेरीस बहुतांशी परतलेले असतात, म्हणून दोन्ही पाहायचे असतील तर फेब्रुवारी आणि मार्च हे महिने उत्तम.

उजेडाची दिशा हा मुद्दा छायाचित्रकार सोडले तर फारसे कोणी लक्षात घेत नाही. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. सकाळी तेथून पश्चिमेकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो आणि पिसांचे रंग खरे दिसतात. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो आणि गुलाबी पक्षी काळ्या आकृत्यांसारखे दिसू लागतात. शिवडी आणि भांडुप ही ठिकाणे पश्चिम काठावर असल्यामुळे तेथे नेमके उलट आहे. तेथे दुपार चांगली. भरती आणि उजेड दोन्ही जुळणारा दिवस महिन्यात मोजक्या वेळाच येतो आणि तो आधी हेरून ठेवणे हेच या फेरीतले खरे कौशल्य आहे.

दुर्बीण घेताना तिच्यावर ८×४२ असा आकडा पाहावा. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा किंवा बारा पटीची दुर्बीण जास्त चांगली, असा समज दुकानात करून दिला जातो, परंतु हलत्या बोटीत जास्त पट म्हणजे जास्त थरथर. तिपाईवर बसवायची मोठी दुर्बीण बोटीत तर निरुपयोगीच आहे, ती जेट्टीसाठी ठेवावी. भाड्याने किंवा उसनी आणलेली दुर्बीण आदल्या दिवशी घरीच जुळवून घ्यावी. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दूरची एखादी पाटी स्पष्ट करावी, नंतर डावा डोळा मिटून मधल्या चाकाला हात न लावता केवळ उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. एकदा हे झाले की पुढे फक्त मधले चाक फिरवायचे असते. चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रभिंगाभोवतीच्या रबरी कडा आत फिरवून बसवाव्यात, नाहीतर दिसणारे वर्तुळ निम्मे होते. पक्षी दिसल्यावर मान खाली घालून दुर्बीण शोधू नये. नजर पक्ष्यावर रोखून ठेवावी आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलावी.

कपडे फिक्या मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत, टोपी असावी आणि पाणी भरपूर असावे, कारण खाडीवर ऊन वरून लागते तसे पाण्यावरून परावर्तित होऊन खालूनही लागते. खाडीला वास येतो, तो सहन करावा. शहराच्या सांडपाण्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांवर येथे शेवाळ माजते आणि रोहितांचे अन्न तेच आहे. ही गोष्ट अवघड जागेचे दुखणे आहे खरी, पण नाकाला रुमाल लावून पक्ष्यांचे कौतुक करताना ती ठाऊक असलेली बरी.

आता ओळखीकडे वळू. येथे दोन जातींचे रोहित दिसतात आणि बहुसंख्य धाकटे असतात. धाकटा रोहित सुमारे ८० ते ९० सेंटिमीटर उंच, रंगाने अधिक गडद गुलाबी आणि त्याची चोच इतकी गडद किरमिजी असते की दुरून काळीच वाटते. मोठा रोहित चार फुटांच्या वर जातो, अंगाने जवळजवळ पांढरा असतो, मान लांब व बारीक असते आणि चोच गुलाबी असून केवळ टोकाला काळी असते. थवा फार अंतरावर असेल तेव्हा रंगावर विसंबू नये, चोच पाहावी. थव्यात मळकट राखी पक्षी दिसले तर ते आजारी नसतात, ती पिल्ले असतात. रोहितांचा गुलाबी रंग शेवाळातून आणि बारीक जलचरांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यामुळे येतो आणि तो भरायला दोन-तीन वर्षे लागतात. घरटी ते येथे करत नाहीत, ती कच्छच्या रणाकडे होतात.

रोहित पाहून मन भरले की दुर्बीण त्यांच्या पायांशी न्यावी. खरी गंमत तेथे आहे, आणि निम्मी बोट ती न पाहताच परतते. चिखलात वावरणाऱ्या पक्ष्यांच्या चोचींची लांबी वेगवेगळी असते आणि प्रत्येक जण वेगळ्या खोलीवरचे अन्न शोधतो. चिखल्याची चोच आखूड, तो धावत जाऊन वरवरचे टिपतो. तुतवार थोडे खोल चाचपतो. पाणटिवळ्याची लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात रुतते, आणि कोरलची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात शिरते. म्हणून नावे पाठ नसली तरी ‘चोच किती लांब, सरळ की वाकडी, पाय कोणत्या रंगाचे’ एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारत गेल्यास अर्धी ओळख पटते. मार्चच्या पुढे पाणटिवळ्यांच्या गळ्यावर विटकरी रंग चढू लागतो आणि हिवाळ्यात डोळ्यामागे फक्त काळा ठिपका असलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवांना त्यांच्या नावाप्रमाणे तपकिरी डोके येते. वीणीच्या पोशाखात आलेले हे पक्षी जुन्या पुस्तकी चित्रांशी जुळवताना नवख्याचा गोंधळ उडतो, तो होऊ द्यावा. शेकाट्या, राखी बगळा, चित्रबलाक, पाणकावळे आणि वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार हे तर कोणालाही दिसतात.

बोटीत वागण्याचा नियम पक्ष्यांकडूनच शिकावा. निर्धास्त थव्यातील माना खाली असतात. माना वर झाल्या की त्यांनी बोटीची दखल घेतली. सगळे एकाच दिशेने चालू लागले की आपण फार जवळ आलो आणि पुढची पायरी म्हणजे पाण्यावर धावत घेतलेले उड्डाण. उडत्या थव्याचे पंख लाल-काळे दिसतात आणि छायाचित्र सुंदर येते, म्हणून कोणी नावाड्याला ‘थोडे आणखी पुढे घ्या’ म्हणत असेल तर त्याला शांतपणे थांबवावे. हजारो किलोमीटरच्या प्रवासाच्या तयारीत असलेल्या पाणपक्ष्यांना प्रत्येक उड्डाणाची किंमत साठवलेल्या चरबीने चुकवावी लागते. ड्रोन अभयारण्यात चालत नाही. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत किंवा धातूचे कडे दिसले तर रंग, अक्षरे आणि कोणता पाय ते टिपून ठेवावे आणि १८८३ पासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे, कारण रोहितांच्या प्रवासाचा माग अशाच नोंदींतून लागत आला आहे.

परत आल्यावर लाकडी पायवाट चुकवू नये. तिवरांच्या भोवती चिखलातून बोटांसारखी वर आलेली श्वसनमुळे दिसतात, पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर मीठ लागते, आणि निवटी नावाचा मासा चिखलावर उड्या मारताना दिसतो. खंड्या बहुधा त्याच्यावरच डोळा ठेवून बसलेला असतो.

दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा असेल आणि अंगात त्राण असेल तर तेथेच थांबू नये. ऐरोलीहून पनवेलकडे जाणारी गाडी पकडून सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरावे आणि पाणी भरण्याच्या सुमारास तेथील तलावाच्या काठी उभे राहावे. सकाळी खाडीत पाहिलेले थवे आता येथे एका पायावर, माना पाठीत खुपसून झोपलेले असतात. काठावरून ते बोटीतून दिसतात त्याहून जवळ दिसतात. तास-दीड तासाने पाणी उतरू लागले की एकेक मान वर होते, कोठूनतरी घोगरा आवाज येतो, आणि दहा-वीसच्या तुकड्या इमारतींवरून वळसा घेत पुन्हा खाडीच्या दिशेने निघतात.