साधा मजकूर की रीजेक्स? ओळखायला जाताना या चुका टाळा

शोधायला दिलेला मजकूर साधा आहे की रीजेक्स (म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना, पॅटर्न), हे प्रोग्रामने आपोआप ओळखावं अशी नव्या डेव्हलपरांना फार हौस. रिव्ह्यूला बसलं की तेच फंक्शन पुन्हा समोर येतं, नाव तेवढं बदललेलं.

टिंब दिसलं की रीजेक्स

सगळ्यांची लाडकी चूक. टिंब, कंस, अधिक, प्रश्नचिन्ह अशी यादी करायची आणि त्यातलं एक जरी सापडलं तरी मजकूर रीजेक्स इंजिनाकडे पाठवायचा. अहो, आपला मजकूर टिंबांनीच भरलेला असतो! ता., जि., डॉ., रु.

एका ग्राहकाच्या बिलांमध्ये ‘रु.’ काढून ‘₹’ टाकायचं होतं. टीममधल्या एका घाईवाल्याने पांडाजच्या (पायथनमधली डेटा हाताळायची लायब्ररी) रिप्लेसला ‘रु.’ तसंच देऊन टाकलं. आवृत्ती जुनी होती. २.० च्या आधी तिथे रीजेक्स हाच डीफॉल्ट होता आणि रीजेक्समध्ये टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह. वरच्या ओळींत ‘रु. ५००’ चं ‘₹ ५००’ झालेलं दिसलं, तेवढ्यावर फाइल पुढे गेली. खाली ‘रुपये’ चं ‘₹ये’ झालं होतं, ‘गुरुवार’ चा ‘गु₹ार’, आणि यादीतले झाडून सगळे अरुण ‘अ₹’ झाले होते. एरर एकही नाही. वर मूळ फाइलवरच सेव्ह केलेलं, त्यामुळे सगळी नावं छापील बिलांवरून हाताने भरावी लागली.

२.० पासून रिप्लेसचा डीफॉल्ट उलटा झाला, म्हणजे रीजेक्सवर विसंबलेला जुना कोड आता गुपचूप काहीच बदलत नाही. त्याच लायब्ररीतलं ‘कंटेन्स’ (मजकुरात अमुक आहे का, हे बघणारं) मात्र अजून रीजेक्सच धरून चालतं. म्हणून डीफॉल्ट काहीही असो, रीजेक्स हो की नाही हे मी दर वेळी स्पष्ट लिहितो. दोन शब्द जास्त टाइप करायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी वरचे अरुण आठवावेत.

कंपाइल झालं, म्हणजे रीजेक्स

कंपाइल होणं म्हणजे इंजिनाने पॅटर्न म्हणून स्वीकारणं. तसं तर ‘पुणे’ सुद्धा कंपाइल होतं. आणि ‘सी++’ ची गंमत बघा. पायथन ३.१० पर्यंत त्यावर एरर यायची. ३.११ मध्ये ‘++’ ला ‘आधीचं चिन्ह एकदा किंवा जास्त वेळा’ असा अर्थ मिळाला, तेव्हापासून ते निमूट कंपाइल होतं आणि शोधताना ‘सीमा’, ‘सीताफळ’ सगळं उचलून आणतं. पायथन बदललं की तुमच्या फंक्शनचं उत्तर बदलणार, हे कुणाला चालेल?

एस्केप करून तुलना

एस्केप करणं म्हणजे खास चिन्हाआधी उलटा स्लॅश लावून त्याला साधं करणं. तसं केल्यावर मजकूर बदलला तर रीजेक्स, ही युक्ती हुशारीची वाटते. पायथन मोकळी जागा आणि हायफनही एस्केप करतं, त्यामुळे ‘नवी मुंबई’ रीजेक्स ठरते.

किरकोळ, पण रोजचं

‘*.लॉग’ हा ग्लॉब, म्हणजे फाइलनावं शोधायचा वेगळा नमुना आहे, रीजेक्स नव्हे. जावाच्या स्प्लिटला (मजकूर तोडणारं फंक्शन) नुसतं टिंब देऊन तारीख तोडली तर रिकामा अ‍ॅरे मिळतो. एकदा एस्केप केलेलं परत एस्केप करू नका.

मग ओळखायचंच नाही का?

ओळखा, पण फक्त वेगासाठी. जावाचं स्प्लिट स्वतः हेच करतं: एकच अक्षर दिलं आणि ते ठरावीक १२ खास चिन्हांत नसलं, तर रीजेक्स इंजिन टाळून सरळ तोडतं. दोन्ही वाटांनी उत्तर तेच येतं, म्हणून तिथे ओळखणं बिनधोक. अर्थ बदलणार असेल तर मात्र वापरकर्त्यालाच विचारा. ग्रेप या शोधाच्या कमांडला त्यासाठी ‘एफ’ पर्याय आहे, व्हीएस कोड या एडिटरच्या शोधात ‘.*’ चं बटण आहे. माझ्या प्रत्येक टूलमध्ये असं बटण असतं आणि सुरुवातीला ते बंद असतं.

बटण चालू झाल्यावर बाहेरून आलेला पॅटर्न मी आरई२ या रीजेक्स इंजिनाकडे देतो. २ जुलै २०१९ ला वेबसाइटांना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा सुमारे २७ मिनिटं कोलमडली, ती एका रीजेक्सच्या बॅकट्रॅकिंगमुळेच, म्हणजे जुळेना की मागे येऊन पुन्हा पुन्हा नव्या वाटा तपासत बसण्यामुळे. आरई२ मध्ये तो प्रकार नाही. बॅकरेफरन्सही (आधी जुळलेला भाग पुन्हा मागणं) नाहीत, पण ते अजून माझ्याकडे कुठल्या ग्राहकाने मागितलेले नाहीत.