होम थिएटरला दुसरा सबवूफर कसा जोडावा

दुसरा सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज देणारा स्पीकर, बहुतेक जण दणका वाढावा म्हणून घेतात. त्याचा खरा उपयोग मात्र खर्जाचा आवाज प्रत्येक आसनावर सारखा पोहोचवण्यासाठी होतो. 15 फूट लांबीच्या दिवाणखान्यात साधारण 37 ते 38 हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो, भिंतीलगत घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तोच स्फोट मधल्या सोफ्यावर फुसका आणि मागच्या खुर्चीवर छातीत धडकणारा वाटतो, तो यामुळेच. एकाच सबवूफरचा आवाज वाढवून हा दोष जात नाही.

नवा सबवूफर शक्यतो जुन्याच मॉडेलचा घ्यावा. एक बंद पेटीचा आणि एक पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) असलेला अशी जोडी लावली, तर अगदी खालच्या स्वरांत दोघांचा फेज, म्हणजे ध्वनिलहरी वर-खाली होण्याची वेळ, जुळत नाही.

जागा हा सर्वांत महत्त्वाचा भाग. हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये आयताकृती खोल्यांचा जो अभ्यास मांडला, त्यात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवण्याची मांडणी फार चांगली ठरली. खोलीच्या दोन टोकांना त्या अडकलेल्या स्वराचा दाब परस्परविरुद्ध असतो, त्यामुळे दोन्हीकडून एकाच वेळी जोर लागला की तो स्वर उभाच राहत नाही. आपल्याकडे नेमका एका भिंतीच्या मध्यावर बाल्कनीचा दरवाजा असतो. अशा वेळी टीव्हीकडील दोन कोपरे निवडावेत. त्याने सोफ्याच्या डाव्या-उजव्या टोकांतला फरक कमी होतो, पुढच्या-मागच्या रांगांतला नाही.

जोडणी करताना रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य अॅम्प्लिफायर) बंद ठेवावा. त्याला सबवूफरची दोन आउटपुट असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र केबल लावावी, नसल्यास एका आउटपुटचे दोन फाटे करणारी वाय केबल चालते. दोन्ही सबवूफर, तसेच रिसीव्हर, अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर घेतल्यास गुणगुण येण्याची शक्यता कमी होते.

आता दोन्ही सबवूफरवरचा क्रॉसओव्हर (कोणत्या स्वरापर्यंत सबवूफरने वाजायचे ती मर्यादा) पूर्ण वर आणि फेज शून्यावर ठेवावा. मुख्य आसनावर मोबाइलमधील डेसिबल मोजणारे अॅप धरून, एका वेळी एकच सबवूफर चालू ठेवून, दोघांची पातळी गेनच्या बटणाने सारखी करावी. दोन्ही एकत्र वाजले की पातळी 6 डेसिबलपर्यंत चढते, म्हणून प्रत्येकाला आधीच तेवढे खाली ठेवावे.

त्यानंतरच रिसीव्हरचे ऑटो कॅलिब्रेशन (मायक्रोफोनने आवाज मोजून आपोआप होणारी जुळणी) चालवावे. ते सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवते, कारण सबवूफरमधील सर्किटमुळे होणारा विलंबही त्यात धरलेला असतो. ती ‘चूक’ सुधारण्याचा मोह टाळावा. वाय केबल असेल आणि दोन सबवूफर आसनापासून कमीजास्त अंतरावर असतील, तर कॅलिब्रेशनपूर्वी 50 हर्ट्झच्या आसपासचा टेस्ट टोन लावून दुसऱ्याचे फेजचे बटण सावकाश फिरवावे आणि आवाज सर्वांत भरीव येईल तेथे थांबावे. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ (खर्ज सबवूफरकडे वळवणारे सेटिंग) आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ ही बहुतेक घरांत चालणारी सुरुवात आहे.

शेवटी एकल तबलावादनाचे चांगले ध्वनिमुद्रण लावून सोफ्याच्या प्रत्येक जागी बसून पाहावे. डग्ग्याची घुमक एखाद्या जागी सुजल्यासारखी वाटली, तर एक सबवूफर फूटभर सरकवून कॅलिब्रेशन पुन्हा करावे.