रोमान्स कादंबरी सुचवण्याआधी काय विचारावं

लायब्ररीत येऊन ‘ताई, काहीतरी रोमँटिक द्या’ म्हणणाऱ्याला मी लगेच कपाटाकडे नेत नाही. आधी विचारते, मध्येच सोडून दिलेलं शेवटचं पुस्तक कुठलं? आवडत्या पुस्तकाचं नाव पुष्कळदा भिडेखातर सांगितलं जातं. सोडलेल्याचं कारण मात्र मनापासून येतं: ‘तो तिच्यावर सारखा डाफरतो’, ‘फार रडारड होती’.

मग शृंगाराची वर्णनं किती मोकळी चालतील, हे न लाजता विचारायचं. मुखपृष्ठावरून अंदाज बांधू नका. हेलन होआंग यांच्या ‘द किस कोशंट’वर (२०१८) गोंडस चित्र आहे, आतले प्रसंग अगदी उघड आहेत. ऑटिझम असलेली, आकडेमोडीत रमणारी स्टेला मला फार आवडते. तरी नववीतल्या मुलीला मी ते देत नाही.

दुःखाचंही आधीच सांगावं. एमिली हेन्री यांचं ‘बीच रीड’ (२०२०) नावावरून सुट्टीतलं हलकंफुलकं वाटतं. त्यातली नायिका वडील गेल्यावर त्यांचं दुसरं नातं उघड झाल्यामुळे कोलमडलेली असते. नुकतंच घरचं माणूस गमावलेल्याच्या हातात ते नकळत पडू नये.

स्वतः वाचताना मी ताटातुटीकडे लक्ष देते. या प्रकारात शेवट गोड होणार हे ठरलेलंच असतं, त्यामुळे लेखिकेचा कस लागतो तो दोघं दुरावतात तिथे. एका फोनने मिटला असता असा गैरसमज असेल, तर पुस्तक गाडीतल्या प्रवासापुरतं. दुरावा स्वभावातून, परिस्थितीतून आला असेल, तर ते मी आवर्जून पुढे करते. सोनाली देव यांची ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स’ (२०१९) घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली तृषा राजे ही मेंदूची सर्जन. डीजे हा शेफ. त्याच्या बहिणीचा ट्यूमर तृषा काढू शकते, पण त्यात बहिणीची दृष्टी जाणार, आणि ती चित्रकार. इथे दोघांमधला ताण खरा आहे, शिवाय तृषाचा तोरा आणि डीजेचा दुखावलेला स्वाभिमानही खरा. ‘राजे’ आडनाव पाहून आपले वाचक पुस्तक उचलतात, पण खाली ठेवत नाहीत ते यामुळे.

जुनाट दुखणं असलेल्यांना मी टॅलिया हिबर्ट यांची ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (२०१९) सुचवते. क्लोईला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार आहे आणि प्रेमात पडल्याने तो बरा होत नाही. (मोकळी वर्णनं यातही आहेत, तेवढं सांगून.)

शिफारस दोन वाक्यांत करा: ही दोघं कोण, आणि मध्ये अडतंय काय. पुस्तक परत आलं की ‘आवडलं का’ एवढ्यावर थांबू नका. कुठे कंटाळा आला ते विचारा आणि त्या वाचकाच्या नावापुढे लिहून ठेवा. पुढचं पुस्तक निवडताना ती नोंद लागते.