गंगापूर धरण : सायकल सकाळी, बोट नंतर

उन्हाळ्यात नाशिकहून सायकलने गंगापूर धरणावर उशिरा निघालं, की समोरचा पश्चिमेचा वारा दम काढतो आणि बोटीत बसायचं त्राण उरत नाही.

१. उजाडताच निघा. गंगापूर रोडने जाताना हलका चढ लागतो, पण तेव्हा वारा पडलेला असतो.
२. वाटेत सोमेश्वरच्या महादेव मंदिरापाशी थांबा. घाई कशाला?
३. बोट क्लबला पोचलात की चाक आणि फ्रेम दोन्हींतून साखळी घालून सायकल खांबाला बांधा. नुसतं चाक बांधून भागत नाही.
४. बोटीतून उतरून जेवा, सावलीत पडा आणि उन्हं कलल्यावर निघा. आता वारा पाठीशी, रस्ता उताराचा.

बोट क्लब चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा. लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र स्वतः ओढून बघाच.