स्वर तेच, षड्ज वेगळा: रिलेटिव्ह मेजर आणि मायनर कसे ओळखावे

पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजवल्या, की बिलावल थाटाचे सात स्वर मिळतात. पाश्चात्त्य संगीतात यालाच सी मेजर म्हणतात. आता एकही पट्टी न बदलता पांढरी सहा हा षड्ज माना आणि पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांवरूनच वर जा. गंधार, धैवत आणि निषाद कोमल ऐकू येतील, म्हणजेच आसावरी थाट उभा राहील, आणि हीच ए मायनर. स्वर सारखे पण षड्ज वेगळा, अशा दोन स्केल्सना एकमेकींच्या रिलेटिव्ह म्हणतात. मूर्च्छनेचा (स्वर तेच ठेवून षड्ज बदलण्याचा) अभ्यास केलेल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

मेजरची रिलेटिव्ह मायनर शोधण्यासाठी तिच्या षड्जापासून तीन अर्धस्वर खाली उतरावे: पांढरी एकवरून पांढरी सात, काळी पाच आणि मग पांढरी सहा. मायनरवरून मेजरकडे जाताना तेवढेच वर चढावे. मात्र नाव लिहिताना इंग्रजी अक्षरेही (पांढरी एकपासून क्रमाने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी) दोन घरे मागे गेली पाहिजेत; म्हणून ई मेजरची जोडी सी शार्प मायनर अशी लिहितात, डी फ्लॅट मायनर अशी नाही (शार्प म्हणजे एक अर्धस्वर वर, फ्लॅट म्हणजे एक अर्धस्वर खाली), जरी पट्टी तीच असली तरी.

खरी अडचण पुढे येते. नोटेशनच्या सुरुवातीला, म्हणजे रचनेभर कोणते स्वर शार्प वा फ्लॅट घ्यायचे ते सांगणाऱ्या खुणेत, एकच शार्प दिसला, तर रचना जी मेजरमध्येही असू शकते आणि ई मायनरमध्येही, कारण दोन्हींची खूण एकच असते. अशा वेळी खालच्या सुरांच्या ओळीतला शेवटचा स्वर पाहावा, कारण रचना बहुधा आपल्या षड्जावरच विसावते. दुसरा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो. मायनरमध्ये षड्जाकडे ओढ निर्माण व्हावी म्हणून कोमल निषाद पुष्कळदा शुद्ध केला जातो (असे स्वर घेतले की आपल्याकडच्या किरवाणी रागाची आठवण होते), आणि हा बदल सुरुवातीच्या खुणेत नसल्यामुळे तो त्या त्या जागी वेगळा लिहावा लागतो. त्यामुळे एक शार्प असलेल्या रचनेत डी शार्प वारंवार येत असेल आणि त्यापाठोपाठ ई येत असेल, तर ती ई मायनर असण्याची शक्यता फार मोठी असते.

तरीही कागदापेक्षा कानाने हा फरक लवकर कळतो. पांढरी एकचा सूर धरून ठेवा आणि त्यावर सी, डी, ई हे तीन स्वर सावकाश वाजवा. ते सा, रे, ग असे निर्मळ उमटतात. मग सूर पांढरी सहाचा धरा आणि तेच तीन स्वर पुन्हा वाजवा. आता ते कोमल गंधार, मध्यम आणि पंचम झालेले असतात, आणि बोटे जागची हलली नसतानाही सुरावटीचा भाव पालटतो. हा प्रयोग घाई न करता रोज काही मिनिटे करावा.

नवशिक्यांचा घोटाळा बहुधा सी मेजर आणि सी मायनर या जोडीवरून होतो. तिथे षड्ज एकच राहतो आणि स्वर बदलतात. तिला पॅरलल म्हणतात.

रिलेटिव्ह स्केलकडे जाणे सोपे असते, कारण स्वरांची जुळवाजुळव जवळजवळ करावीच लागत नाही: सी मेजर कॉर्डमधले (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) सी आणि ई हे दोन स्वर ए मायनर कॉर्डमध्येही आहेत. मोझार्टची 1788 सालची चाळिसावी सिंफनी जी मायनरमध्ये आहे, आणि तिच्या पहिल्या भागातली दुसरी मुख्य सुरावट बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे तीन अर्धस्वर वरच्या रिलेटिव्ह मेजरमध्ये येते. त्याच भागाच्या उत्तरार्धात ती सुरावट परत येते तेव्हा मात्र जी मायनरमध्ये असते. या दोन जागा पाठोपाठ ऐकाव्यात आणि प्रत्येक वेळी षड्ज कुठे लागतो, ते स्वतः गुणगुणून पाहावे.